वर राहिलेली दोरी

१

दोर निवडण्याचे काम मी आजवर दुसऱ्या कोणावर सोपवलेले नाही. आमच्या कोरगावच्या घराच्या उत्तरेला एक खोली आहे. तिला खिडकी एकच आणि तीही उंचावर, त्यामुळे उजेड आत येतो, पण ऊन दोरांवर पडत नाही. यजमान हयात असताना झाडे पाडण्याची कामे घेत. तेव्हापासून ती खोली माझ्या ताब्यात आहे. ते गेल्यावर धंदा पुतण्याने, जयरामने, चालवायला घेतला. खोलीची किल्ली मात्र माझ्याच कनवटीला राहिली.

दोर डोळ्यांनी तपासायचा नसतो. आधी तो हातातून जाऊ द्यावा, डोळे मिटून. कुठे फुगीर लागला, कुठे बारीक झाला, ते तळहाताला समजते. मग पीळ उलगडून आत पाहावे. पेडांच्या पोटात पांढरी भुकटी दिसली तर दोर आतून मेलेला असतो, बाहेरून कितीही सुरेख दिसो. ज्या दोराने एकदा पडत्या माणसाचा हिसका झेलला, तो पुन्हा माणसासाठी वापरायचा नाही. त्याची वासरांना दावी करायची. हा नियम यजमानांचा. मी त्यात एकाची भर घातली होती: कोणताही दोर रात्री बाहेर राहता कामा नये.

त्या वर्षी कार्तिकात, तुळशीची लग्ने लागून गेल्यावर, समुद्रावरून अवेळी वादळ आले. एका दुपारीच ते मांद्र्याच्या किनाऱ्यावरून आत शिरले आणि माड मोडून, पत्रे उडवून, संध्याकाळपर्यंत निघूनही गेले. दुसऱ्या दिवसापासून आमचा दूरध्वनी वाजू लागला. मांद्र्याच्या गोकुळदासचा निरोप त्यातलाच. त्याच्या पाहुण्यांच्या खोल्यांमागे एक जुनी सातवीण होती. ती मध्यावर मोडली होती आणि तिचा शेंडा शेजारच्या आंब्याच्या बेचक्यात अडकून लोंबत होता. परदेशी पाहुणे पंधरवड्यात यायचे होते.

जयराम जागा पाहून आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "काकी, आंब्यार चढूक लागतला. शेंडो वरच बांधून तुकडे करून सोडूचो. खालसून हात लावलो तर छप्पर गेला."

"आंबा कसा आहे?"

"निरोगी असा. पण दाट. खाली उभ्या रवल्यार वरचा काय दिसना."

मी खोली उघडली. अडकलेला शेंडा बांधून सोडायला घायपाताचा जाड दोर काढला, कारण तो ताणत नाही आणि ओझे नाचू देत नाही. चढणाऱ्यासाठी मात्र थोडा ताणणारा दोर हवा, म्हणजे माणूस निसटला तर कंबर मोडत नाही. पांढऱ्या नायलॉनचा, एक पेड निळा असलेला, नवा दोर त्यासाठी निवडला. आणि हत्यारांची दोरी: करंगळीएवढी, हिरवी. तिचे एक टोक चढणाऱ्याजवळ वर असते आणि दुसरे जमिनीवर. करवत, कोयता, पाण्याची बाटली, जे लागेल ते खालच्या माणसाने बांधायचे आणि वरच्याने ओढून घ्यायचे.

कमरेच्या पट्ट्याची गाठ मीच मारते. शेपूट उजवीकडे काढते, पिळात खोवते, आणि लाल दोऱ्याचे दोन टाके घालते. टाके शाबूत असले की गाठ कोणी हाताळली नाही हे कळते.

जयरामची बायको विनोदिनी दाराशी उभी राहून पाहत होती. तिला सहावा महिना होता.

"काकी, माझ्याय कमरेक एक बांधा," ती हसून म्हणाली. "ह्या दिवसांत मीच पडान."

"तू उंबऱ्यावर बसू नकोस, तेवढे पुरे," मी म्हटले.

२

आमच्या कामात एक रीत आहे. झाडावर चढलेल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही.

रीतीमागचे कारण साधे आहे असे मी मानत आले. नाव ऐकले की माणूस खाली पाहतो, आणि उंचावर असताना खाली पाहणे बरे नव्हे. आमचा जुना गडी बाबली, जो शिरोड्याहून यजमानांच्या वेळी कामाला आला तो इथलाच झाला, दुसरे एक कारण सांगू पाहतो. ते मी कधी ऐकून घेतलेले नाही. सावंतवाडीच्या शाळेतून मॅट्रिक झालेल्या बाईने काही गोष्टी ऐकून घेऊ नयेत.

तर हाक नाही. बोलणे दोरावरून चालते. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर पाठव. तीन म्हणजे मला खाली सोड. दाट झाडात आणि यांत्रिक करवतीच्या आवाजात हाकेपेक्षा हेच भरवशाचे.

यात एक उणीव आहे. ती इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. दोर काय हवे ते सांगतो. कोण मागतो आहे, ते सांगत नाही.

३

मांद्र्याला आम्ही सकाळी पोचलो. वादळानंतरचे स्वच्छ ऊन होते. मोडक्या सातविणीच्या खोडावरून चीक सुकून पांढरा झाला होता, पण वर अडकलेल्या शेंड्याला अजून फुले होती आणि त्यांचा उग्र वास त्या उन्हातही खाली उतरत होता.

गोकुळदासने मला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. "सुमंगलाबाय, तुमी कित्याक त्रास घेतलात? घरा बसून दोर मोजूचे."

"तुमी बिल मोजा, वयनी दोर मोजतली," बाबली म्हणाला. गोकुळदास हसला आणि आपल्या कामाला निघून गेला.

जयराम चढला. वरच्या जाड फांदीला त्याने कप्पी बांधली आणि पांढरा दोर तिच्यावरून खाली आला. बाबलीने तो जवळच्या माडाला वेढे देऊन हातात धरला. जयरामचे पाय पानांत गेले आणि मग काही दिसले नाही. हिरव्या दोरीवरून करवत वर गेली. थोड्या वेळाने ती सुरू झाल्याचा आवाज आला आणि लाकडाचा भुसा पानांतून गळू लागला.

दुपारपर्यंत काम नेहमीसारखे चालले. घायपाताच्या दोरावरून दोन तुकडे सावकाश उतरले. तिसऱ्यासाठी करवत पुन्हा सुरू झाली. ती चालू असतानाच बाबलीने माझ्याकडे पाहिले.

"वयनी, सोड म्हणता."

"करवत चालू आहे, बाबली."

"माका ऐकू येता. पण हाताक पण कळता."

करवत धरायला दोन्ही हात लागतात. दोर ओढायला तिसरा हात माणसाला नसतो. करवतीच्या थरथरीने फांदी हलत असेल आणि फांदीने दोर, असे मी मनाशी म्हटले आणि बाबलीला थांबायला सांगितले. वरचा आवाज बंद झाला. हात सैल झाल्यावर करवत आधी मंदावते आणि मग थांबते, तसा तो झाला नाही. एकदम तुटला. मग दोराला पुन्हा तीन हिसके बसले, एकसारखे.

"सोड," मी म्हटले.

बाबलीने एक वेढा काढला. दोर सरकू लागला. "हलको लागता," तो पुटपुटला.

"कप्पी वजन खाते," मी म्हटले. हे खरेच आहे.

पानांतून आधी पाय आले, मग गुडघे, मग पट्टा. जयराम उतरत होता. उतरताना तो वर पाहत होता, आणि पाय जमिनीला टेकले तरी वरच पाहत राहिला. मान तशीच मागे टाकलेली.

"काम झाले?" मी विचारले.

"झाला." आवाज त्याचाच होता. थोडा कोरडा, पण भुसा घशात गेला की तसा होतो. "आता चढूक नको. उद्या आंबो मुळात पाडूया. शेंडो तेच्याबरोबर येतलो."

"निरोगी आंबा?"

"मुळात पाडूया," तो म्हणाला.

जयरामने जिवंत झाड विनाकारण कधी पाडलेले नाही. त्यासाठी त्याने गिऱ्हाइके सोडली आहेत. पण उन्हात चढून दमलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी जवळ जाऊन पट्ट्याची गाठ सोडायला हात घातला.

गाठ माझीच होती. टाके लाल होते, दोन होते, शाबूत होते. शेपूट डावीकडे होती.

मी हात मागे घेतला. "वर गाठ सोडली होतीस?"

"नाय. तुमी बांधल्ली तीच असा, काकी." त्याने गाठ स्वतःच सोडली. हातांकडे न पाहता.

हिरवी दोरी आणि करवत वरच राहिली होती. मी तसे म्हटले, तर तो टेम्पोत जाऊन बसला. बाबलीने पांढरा दोर कप्पीतून ओढून घेतला आणि आम्ही निघणार, तोच माझ्या खुर्चीजवळ पडलेले हिरव्या दोरीचे टोक हलले. ते ताठ झाले, तीन वेळा ओढले गेले, आणि पुन्हा सैल पडले.

बाबलीने तिच्यावर पाय ठेवला.

"वानर असतलो," तो म्हणाला.

मी वारा म्हणणार होते. पण पान हलत नव्हते.

४

घरी येईपर्यंत उजेड होता. जयराम टेम्पोतून उतरला आणि अंगणात आला. आमच्या अंगणाला तीन पायऱ्या आहेत आणि मधली वादळात खचली होती. तो खाली न पाहता त्यावरून चढला. पाऊल जिथे पडायला हवे तिथेच पडले. सवयीचे घर आहे, मी म्हटले. पण पायरी परवाच खचली होती.

त्याने पांढरा दोर गुंडाळायला घेतला. तेही वर पाहत, पडवीच्या वाशांकडे. दोराला पिळाच्या दिशेने गुंडाळायचे असते, उजवीकडून. उलटा गुंडाळला तर पेड उसवतात आणि वेटोळे अंग टाकत नाही. हे जयराम माझ्या हाताखाली शिकला होता. आता तो डावीकडून गुंडाळत होता, आणि वेटोळे त्याच्या हातांत मुकाट्याने, गोल बसत होते. उलटा गुंडाळलेला दोर इतका शांत राहिलेला मी पाहिला नव्हता.

मी खोलीच्या दारात उभी होते. त्याने वेटोळे खुंटीला लावले, पट्टा दुसऱ्या खुंटीला लावला, आणि माझ्या जवळून बाहेर गेला. सातविणीच्या फुलांचा वास आला. दिवसभर त्या झाडाखाली काम केलेल्या माणसाला तो येणारच.

अंगणाच्या मध्यावर तो थांबला. मान वर होतीच. ती किंचित कलली, कोणी काही विचारले की कलते तशी.

"ओ," तो म्हणाला.

त्याला कोणी हाक मारली नव्हती.

५

वीज वादळापासून नव्हती. विनोदिनीने दिवेलागणीला स्वयंपाकघरात कंदील लावला आणि जयरामला आधी वाढले. मी देवापाशी होते. ती उठून तिथे आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"काकी, ह्यांका काय जाला?"

"काय झाले?"

"जेवतत. पण ताटाकडे बघनत नाय."

"दमला आहे."

"बांगडे होते." तिने स्वयंपाकघराकडे पाहिले. "ताटात काटो एक नाय."

मी निरांजन खाली ठेवले. माणूस घाईत काटे गिळतो, एखादा. मी तिला तसे सांगितले. ती ऐकून घेत होती, पण डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते.

"आल्यापासून माका काय विचारूक नाय," ती म्हणाली. "रोज हात लावून विचारतत, आज हलला काय म्हणून. आज नाय. आणि मधीच ओ म्हणतत. मी नाय हाक मारूक, तुमी नाय. कोणाक ओ म्हणतत?" तिचा हात पोटावर होता. "मी नाव घेनय नाय. तुमी घेतात. तुमी एकदा नावान हाक मारा, काकी. ते माझ्याकडे बघूनत, मगे मी गप बसान."

मागणे रास्त होते. मी ओसरीवर गेले.

तो वळचणीखाली उभा होता, तोंड मांद्र्याच्या दिशेला. अजून आभाळात तांबूस उजेड होता आणि त्यात त्याची हनुवटी, गळा, सगळे स्पष्ट दिसत होते. मी या पोराला पाळण्यात असल्यापासून पाहिले आहे. कानामागचा तीळही जागेवर होता. हाक मारायला मी तोंड उघडले.

"ओ," तो म्हणाला. मला नव्हे. मी अजून बोललेच नव्हते. थोडा वेळ गेला, मग पुन्हा, जरा समजूत घातल्यासारखे, "ओ."

दूरच्या माणसाला धीर द्यायला आपण असेच बोलतो. तू हाक मारतो आहेस ते ऐकू आले, आता गप राहा, असे.

मी हाक मारली नाही. तो ओ देणार नाही याचे मला भय नव्हते. तो देईल, याचे होते.

आत येऊन मी विनोदिनीला माझ्या खोलीत झोपायला सांगितले आणि कडी आतून लावली. मी पडून विचार करत राहिले तो एकाच गोष्टीचा. एक दोरी बाहेर राहिली होती. आणि ती तीन हिसके देऊन काही मागत होती. उद्या आंबा मुळात पाडायचा होता.

६

सकाळी तो आमच्या आधी टेम्पोत बसला होता. मांडीवर कुऱ्हाड होती. मी कुलूप काढून त्या पांढऱ्या दोराचे वेटोळे पिशवीत घातले. बाबलीने पाहिले.

"वयनी, चढूक तर कोण नाय आज."

"असू दे," मी म्हटले.

झाडाखाली पोचल्यावर त्याने एक शब्द न बोलता आंब्याच्या बुंध्याला घाव घालायला सुरुवात केली. खोडाच्या पलीकडच्या अंगाला तो उभा होता. इकडून मला फक्त कुऱ्हाडीचे पाते वर जाताना दिसे. घाव एकसारखे पडत. वर पाहत घाव घालणारा माणूस एकाच जागी घाव कसा घालील, हा विचार मी तिथेच थांबवला.

हिरवी दोरी कालच्याच जागी होती. मी ती हातात घेतली. दोर तपासताना घेते तशी, डोळे मिटून. ती रिकामी नव्हती. रिकाम्या दोरीला स्वतःचे वजन तेवढे असते. हिच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी होते आणि ते थकलेले होते. हे मी कोणत्या आधारावर म्हणते ते मला सिद्ध करता येणार नाही. हाताला कळले, एवढेच.

"बाबली, माडाला वेढे द्यायला उभा राहा."

"वयनी." तो माडाशी जाऊन उभा राहिला. "नाव घेव नका. दादांनी कधी घेवक नाय."

माझ्या यजमानांना तो दादा म्हणे. त्यांनी घेतले नाही, हे खरे. मीही कधी घेतले नव्हते. मी खोडापाशी गेले, पानांत तोंड वर केले, आणि शाळेत हजेरी घेतात तितक्या स्पष्टपणे म्हटले, "जयराम."

कुऱ्हाडीचा घाव पडला. पलीकडून आवाज आला, "ओ."

मी पुन्हा म्हटले, "जयराम. वर कोण आहे ते सांग."

पलीकडून पुन्हा "ओ", आणि घाव. आता जरा लवकर. पण माझ्या मुठीत हिरवी दोरी ताठ झाली. एक हिसका. थोड्या वेळाने दुसरा. वर पाठव.

पांढऱ्या दोराचे टोक मी तिला बांधले. गाठ नीट बसली. दोर वर निघाला. वाऱ्याने किंवा वानराने तो तसा गेला नसता. एक हात, मग दुसरा हात, मध्ये दम घेण्याइतका वेळ, आणि पुन्हा एक हात. वेटोळे माझ्या पायाशी लहान होत गेले. मग दोर थांबला. कप्पीतून टोक घेऊन कमरेला गाठ मारायला जितका अवधी लागतो, तितका थांबला.

पलीकडचे घाव आता मोजता येत नव्हते इतके जवळजवळ पडू लागले. पायाखालच्या जमिनीला ते कळत होते. झाडाच्या पोटात कुठेतरी धागा तुटल्यासारखा बारीक आवाज झाला.

बाबलीच्या हातातल्या दोराला तीन हिसके बसले.

"वयनी," तो म्हणाला, "कोणाक सोडू?"

"वर आहे त्याला."

त्याने वेढा काढला. दोर भराभर सरकला, आणि बाबली पाय रोवून मागे झुकला, कारण या वेळी वजन होते. पाने हलली. एक पाऊल आले, अनवाणी, रक्ताने माखलेले. मग दुसरे. पोटऱ्या लटलटत होत्या. मग पट्टा, आणि त्यावरची गाठ. तिला लाल टाके नव्हते. टाके घालायला वर कोण होते? शेपूट उजवीकडे काढून पिळात खोवलेली होती, मी शिकवली होती तशी.

मी म्हटले, "जयराम."

त्याने खाली पाहिले.

त्याच क्षणी कुऱ्हाड थांबली. बाबली माझ्या खांद्यावरून पलीकडे, खोडाच्या बाजूला पाहत होता. त्याचे तोंड उघडे राहिले, पण दोर त्याने सोडला नाही, हे त्याचे उपकार. मी मागे वळले नाही. माझ्या दोन्ही हातांत त्या पोराचे हात होते आणि ते गार पडले होते.

बाबलीने काय पाहिले ते त्याने सांगितलेले नाही. मी विचारलेलेही नाही.

७

टेम्पोत पाणी पिऊन झाल्यावर जयरामला आवाज फुटला.

"काकी, काल तुमी कोणाक सोडलास?"

मी म्हटले, "तू हाक का मारली नाहीस?"

"मारलंय. रातभर मारलंय." त्याने आपल्या पावलांकडे पाहिले. "खालसून तो ओ दी होतो."

त्याच्या कमरेचा दोर कधी सुटला ते त्याला कळले नव्हते. करवत चालू होती, कोणीतरी शेजारच्या फांदीवर बसल्यासारखी ती फांदी वाकली, एवढे त्याला आठवत होते. पुढचे विचारायचे नाही असे मी ठरवले आणि घरी तसे सांगितले.

विनोदिनीने त्याला दारातच धरले. तो तिच्या पोटाकडे पाहून रडू लागला, आणि मी माझ्या दोरांच्या खोलीत गेले. पट्टा खुंटीला लावायचा होता. खुंटीला पट्टा होता. आमच्या घरी पट्टा एकच आहे. त्याची कातडी शिवण मी स्वतः घातलेली आहे. आता दोन आहेत. दुसऱ्याची शिवण तशीच, टाक्याला टाका, फक्त दुसऱ्या बाजूने. तो मी जाळायला काढला होता. मग वाटले, जाळल्याने तो कुठे जाईल ते आपल्याला ठाऊक नाही. तो खुंटीवरच आहे.

आंबा उभा आहे. बुंध्याला कुऱ्हाड रुतलेली होती, ती बाबलीने काढली नाही आणि मी सांगितले नाही. हिरवी दोरी मात्र त्या घाईत पुन्हा वर राहिली. दुसऱ्या दिवशी बाबली एकटा जाऊन, शिडी लावून, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर तिचे खालचे टोक कापून आला. कोणाला धरता येऊ नये म्हणून.

काल सकाळी गोकुळदासचा दूरध्वनी आला. मी ओसरीवर होते. अंगणात जयराम धुतलेले दोर गुंडाळत बसला होता, उजवीकडून, नीट.

"सुमंगलाबाय, ती दोरी तुमची न्हेया मगो," गोकुळदास म्हणाला. "पावणे त्या झाडाखाली बसनत नाय."

"ती कापली आहे, गोकुळदास. हाताला लागणार नाही."

"कसली कापली? माझ्या पायाकडे लोळता हयसर. मी झाडाखालीच उभो असंय."

मी म्हटले, तिथून बाजूला व्हा. त्याला ते ऐकू गेले नसावे. त्याच्या आवाजामागे पाने सळसळत होती.

"तुमी येव नका हवे तर," तो मोठ्याने म्हणाला. "जयरामाक धाडून दिया. जयरामाक."

मी दूरध्वनी बंद केला. तरी उशीर झाला असावा. नाव माझ्या कानाशी आले होते. ते जयरामपर्यंत जाणे शक्य नव्हते, तो ओसरीपासून चांगले वीस हात दूर होता.

दोर गुंडाळता गुंडाळता जयरामचे हात थांबले. मान सावकाश वर झाली.

"ओ," तो म्हणाला.